दुरुस्तीहून आलेला ट्यूब ॲम्प आणखीच बिघडलेला वाटतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचं कशाला धरून आहे ते कळेल. दोन ६एल६ पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या ट्यूब), स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून मिळणारा घुमारा) आणि एक १२ इंची स्पीकर असलेला ४० वॉटचा गिटारचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. वाजवायला घेतल्यावर वीसेक मिनिटांनी तडतड सुरू व्हायची, म्हणून दुरुस्तीला दिला. तिथे पॉवर ट्यूब आणि सगळे फिल्टर कपॅसिटर (आतला डीसी पुरवठा स्थिर ठेवणारे) बदलले, पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रेझिस्टर, साफ केले. घरी आणून लावला तर आवाज पूर्वीच्या निम्माही नाही, रिव्हर्ब जवळजवळ गायब, हम (सततची घूं घूं) वाढलेला, आणि ती मूळची तडतड वीस मिनिटांनी हजर आहेच. आता प्रीॲम्पच्या (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या छोट्या) ट्यूबही बदलाव्यात का आणि चॅसी, म्हणजे सगळं सर्किट असलेला धातूचा डबा, स्वतः उघडून पाहावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्हींचं उत्तर नाही. ट्यूब आत्ता विकत घेऊ नका आणि चॅसी उघडू नका. चारपैकी तीन तक्रारींचं कारण तुम्हाला ॲम्पच्या मागच्या बाजूनेच सापडेल असं मला वाटतं. चौथी, म्हणजे तडतड, मुळात दुरुस्त झालेलीच नाही. तिच्यासाठी ॲम्प परत न्यावा लागेल, पण नीट माहिती सोबत घेऊन.

मी असं का म्हणतो ते सांगतो. दुरुस्तीनंतरचा बिघाड समोर आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: ही तक्रार जुनी आहे की नवी? जुनी असेल तर मूळ कारण सापडलेलं नाही. नवी असेल तर ती बहुतेक वेळा हात जिथे लागला तिथेच असते. ठीक चाललेला एखादा रेझिस्टर नेमका दुरुस्तीच्या आठवड्यात आपणहून मरायला बसलेला नसतो. कॉम्बोची चॅसी बाहेर काढायची तर मागची फळी सोडवावी लागते, स्पीकरचा प्लग काढावा लागतो, रिव्हर्बच्या दोन केबल काढाव्या लागतात, ट्यूबवरची धातूची टोपणं आणि बहुतेकदा ट्यूबही काढाव्या लागतात. नंतर हे सगळं परत जागेवर जातं, आणि तेही कामाच्या शेवटी, जेव्हा मुख्य काम संपलेलं असतं आणि लक्ष थोडं सैल पडलेलं असतं. आता तुमच्या नव्या तक्रारी पाहा: आवाज कमी, रिव्हर्ब नाही, हम जास्त. तिन्ही या परत बसवण्याच्या कामाशी जुळतात.

सुरुवात स्पीकरपासून करा. ॲम्प बंद करा, प्लग भिंतीतून काढा, आणि मागे स्पीकरची वायर कुठल्या जॅकमध्ये आहे ते पाहा. बऱ्याच कॉम्बोंना शेजारीशेजारी दोन जॅक असतात, एक मुख्य स्पीकरचा आणि एक जादा स्पीकरचा. दोन्ही दिसायला सारखे असतात, पण आतून नसतात. मुख्य जॅकमध्ये एक पत्ती असते. त्यात प्लग नसेल तर ती पत्ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या) सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडची गुंडाळी, शॉर्ट करून ठेवते. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण ट्यूब ॲम्पच्या आउटपुटला शॉर्ट परवडतं, पण उघडं राहिलेलं परवडत नाही. अशा ॲम्पमध्ये स्पीकर चुकून जादाच्या जॅकला लावला की मुख्य जॅकची पत्ती सिग्नल शॉर्ट करत राहते आणि स्पीकरपर्यंत उरलंसुरलं पोचतं. ॲम्प चालतो, ट्यूब पेटतात, आवाज मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. तुमचं वर्णन वाचताना माझ्या मनात सगळ्यात आधी हेच आलं. प्लग योग्य जॅकमध्ये घाला. तोवर आवाज वाढवून पाहण्याचा प्रयत्न करू नका. हळू आवाजात काही मिनिटं वाजलं असेल तर सहसा काही होत नाही, पण शॉर्टवर जोरात वाजवत राहणं पॉवर ट्यूबला सोसत नाही.

स्पीकर न लावता ॲम्प चालू करणं तर पूर्ण टाळा, तपासणीसाठी क्षणभर सुद्धा नको. पॉवर ट्यूब आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे ट्यूबकडच्या गुंडाळीत, करंट ढकलतात. ती ऊर्जा सेकंडरीवरून स्पीकरमध्ये जायला जागा मिळाली नाही तर प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनमधून किंवा ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते. ट्रान्सफॉर्मर गेला की दुरुस्तीचा खर्च एकदम वेगळ्या पातळीवर जातो.

मल्टिमीटर असेल तर स्पीकरचा प्लग बाहेर काढून त्याचं टोक आणि दांडा यांच्यात ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रोध मोजतो. वायर हलवून पाहा. आकडा उड्या मारत असेल तर प्लगमधलं किंवा स्पीकरच्या टर्मिनलवरचं सोल्डर ढिलं आहे. तुमच्या ॲम्पला मागे इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक) असेल तर तेही याच वेळी पाहून घ्या: सेंड आणि रिटर्न यांच्यात साधी पॅच केबल लावा. आवाज एकदम परत आला तर रिटर्न जॅकच्या आतली पत्ती काळवंडली आहे, बाकी काही नाही.

आता रिव्हर्ब. तळाशी कातडीसारख्या पिशवीत किंवा उघडा बसवलेला जो पत्र्याचा लांबट डबा असतो त्याला दोन केबल जातात. एक डब्यात सिग्नल नेते, दुसरी तो परत आणते. दोन्ही केबलचे प्लग एकाच जातीचे, म्हणून अदलाबदल अगदी सहज होते. पण डब्याच्या दोन टोकांच्या कॉइल एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. ट्रान्सफॉर्मरने चालवल्या जाणाऱ्या नेहमीच्या डब्यात इनपुटची कॉइल ८ ओहम इम्पीडन्सची (एसी सिग्नलला होणारा रोध) आणि आउटपुटची सव्वादोन हजार ओहमच्या आसपासची असते. मीटरवर मोजाल तर इनपुट एक ओहमच्या आत-बाहेर आणि आउटपुट सुमारे २०० ओहम दिसेल. केबल उलट्या लागल्या की ड्रायव्हर (डब्यात सिग्नल ढकलणारा भाग) जिच्यात करंट ढकलायला बनला ती कॉइल त्याला मिळतच नाही, आणि परत येणारा सिग्नलही नगण्य असतो. रिव्हर्ब मेल्यासारखा वाटतो आणि काही वेळा हमही वाढतो. डब्यावर इनपुट-आउटपुट कोरलेलं असतं. ॲम्पच्या मागच्या बाजूलाही तसं छापलेलं असतं. ते जुळवा.

याच डब्याची आणखी एक गंमत दुरुस्तीनंतर हमखास दिसते. डबा काढून परत ठेवताना उलट दिशेने ठेवला जातो. त्याच्या आउटपुटच्या टोकाची कॉइल म्हणजे गिटारच्या पिकअपसारखीच वस्तू आहे, जवळच्या चुंबकीय क्षेत्राचा हम ती बिनतक्रार उचलते. ते टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या खाली आलं की हम वाढणारच. ओळखायची खूण सोपी आहे: रिव्हर्बचा नॉब शून्यावर नेला की हम गेला पाहिजे. तसं होत असेल तर डबा फिरवून आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब करा.

केबल बरोबर असूनही रिव्हर्ब आला नाही तर छोट्या ट्यूब कुठे कुठली बसली आहे ते वाचा. ॲम्प बंद करून, ट्यूब पूर्ण थंड झाल्यावर, टोपण काढून काचेवरचं नाव पाहायचं. प्रीॲम्पमध्ये बहुतेक जागी १२एएक्स७ असते, जिला ईसीसी८३ही म्हणतात. रिव्हर्बच्या ड्रायव्हरला आणि बऱ्याच ॲम्पमध्ये फेज इन्व्हर्टरला (पॉवर ट्यूबच्या जोडीला उलटसुलट सिग्नल देणाऱ्या ट्यूबला) मात्र १२एटी७, म्हणजे ईसीसी८१, दिलेली असते. दोघींच्या पिना सारख्या, उंची सारखी, एकमेकींच्या जागी त्या सहज बसतात. १२एएक्स७चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० आणि १२एटी७चा ६०, पण १२एटी७ जास्त करंट देऊ शकते आणि ड्रायव्हरला तेच हवं असतं. समजा ट्यूब पुसून परत लावताना ड्रायव्हरची १२एटी७ तुमच्या चॅनेलच्या पहिल्या जागी गेली आणि तिथली १२एएक्स७ ड्रायव्हरला आली. म्हणजे एकाच अदलाबदलीत चॅनेलचा गेनही पडला आणि रिव्हर्बही अशक्त झाला. ट्यूबांचा क्रम बहुतेक ॲम्पमध्ये आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. कागद झडून गेला असेल तर उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेला क्रम शोधा. अंदाजाने लावू नका.

टोपणं मोजून परत लावा. ती नुसती दिखाऊ वाटतात, म्हणून एखादं टेबलावरच राहून जातं, आणि मग पहिल्या ट्यूबला आजूबाजूचा सगळा गोंगाट ऐकू येतो. कॅबिनेटच्या आतल्या लाकडावर, चॅसीची उघडी बाजू जिथे टेकते तिथे, ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा जाळी असते. तीही चॅसीला नीट टेकलेली हवी. स्क्रू ढिले राहिले की संपर्क तुटतो आणि बझ वाढतो.

हमबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो नुसता ऐकूनही बरंच सांगून जातो. गिटारची केबल काढा, सगळे व्हॉल्यूम शून्यावर न्या. हम तसाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पॉटनंतर कुठेतरी आहे, म्हणजे फेज इन्व्हर्टर, पॉवर ट्यूब किंवा पॉवर सप्लाय. व्हॉल्यूमबरोबर तो वरखाली होत असेल तर पहिल्या ट्यूबच्या बाजूला शोधायचं.

मग त्याचा सूर ओळखा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे हम ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो, ६०ची असेल तिथे ६० किंवा १२०चा. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) विजेच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून सप्लायमधला रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, दुप्पट वारंवारतेचा येतो. ट्यूबचे हीटर (ट्यूब तापवणाऱ्या तारा), अर्थिंगचा लूप किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र यांचा हम मूळ वारंवारतेचा असतो. तुम्ही वाजवणारे आहात, तेव्हा मीटरची गरज नाही. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा आहे. दुसऱ्या एखाद्या अकूस्टिक गिटारवर तो वाजवा. हम त्याच्याशी जवळजवळ जुळून हळू लाटा देत असेल तर तो १०० हर्ट्झचा आहे. त्याच्याखाली एक सप्तक ऐकू येत असेल तर ५०चा.

तुमच्याकडे फिल्टर कपॅसिटर आत्ताच बदलले आहेत, त्यामुळे १०० हर्ट्झचा हम निघाला तर दोन शक्यता जास्त वाटतात. पहिली, नव्या कपॅसिटरचं ग्राउंड. काही ॲम्पमध्ये ते थेट चॅसीच्या पोलादावर सोल्डर केलेलं असतं. पोलाद उष्णता इतकी ओढून घेतं की लहान सोल्डरिंग आयर्नने वरून चकचकीत दिसणारा पण आतून कच्चा डाग पडतो. हे काम दुकानाचं. दुसरी शक्यता पॉवर ट्यूबच्या जोडीची, आणि तिकडे माझा कल जास्त आहे. पुश-पुल रचनेत, म्हणजे जिथे दोन पॉवर ट्यूब आळीपाळीने काम करतात, सप्लायमधला रिपल दोन्ही ट्यूबना सारखाच मिळतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या भागांत उलटसुलट जाऊन एकमेकांना खाऊन टाकतो. पण एक ट्यूब ५० मिलिअँपिअर ओढत असेल आणि दुसरी ३०, तर हा हिशोब जुळत नाही आणि उरलेला हम स्पीकरमध्ये येतो. चार-पाच मिलिअँपिअरचा फरक चालतो. ट्यूब जुळलेली जोडी म्हणून आल्या असल्या तरी प्रवासात आणि पहिल्या काही तासांत त्यांच्यात फरक पडू शकतो, म्हणून ॲम्पमध्ये बसवल्यावर मोजावंच लागतं.

इथून बायसवर येतो, म्हणजे सिग्नल नसताना पॉवर ट्यूबनी किती करंट ओढायचा ते ठरवणाऱ्या व्होल्टेजवर. दुरुस्ती करणाऱ्याला विचारायचे प्रश्न मुख्यतः याच भागात आहेत. दोन ६एल६चे बहुतेक कॉम्बो फिक्स्ड बायसचे असतात, म्हणजे पॉवर ट्यूबच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) एक वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज देऊन स्थिर करंट ठरवलेला असतो. ट्यूब बदलल्या की ते पुन्हा लावायचं असतं. चार ईएल८४ असलेल्या व्हॉक्स एसी३०सारख्या कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये, जिथे ट्यूबचा करंटच बायस ठरवतो, ही फिरवाफिरवी नसते, पण तुमच्याकडे ती बहुधा आहे. हिशोब असा: ६एल६जीसीची प्लेट, म्हणजे ट्यूबमधला करंट गोळा करणारा पत्रा, कमाल ३० वॉट उष्णता सोसते. स्थिर अवस्थेत त्याच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा रूढ संकेत आहे, म्हणजे २१ वॉट. प्लेटवर ४२० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४२०, म्हणजे प्रत्येक ट्यूबला ५० मिलिअँपिअर. ही वरची मर्यादा. मी स्वतः त्याच्या बरंच खाली, ३५ ते ४०च्या दरम्यान ठेवतो. ट्यूब जास्त टिकतात आणि स्वच्छ वाजवताना कानाला फरक कळत नाही. ईएल३४साठी हाच हिशोब २५ वॉट धरून करायचा. पण ईएल३४ला ६एल६पेक्षा हीटरचा करंट खूप जास्त लागतो, ०.९ अँपिअरच्या जागी १.५. शिवाय तिची एक नंबरची पिन कॅथोडला जोडलेली लागते. तेव्हा कोणी सहज बदलून दिली असेल तर ते सहज घेऊ नका.

करंट फारच कमी ठेवला असेल तर आवाज पातळ, कोरडा आणि हळू वाजवताना कडेला खरखरीत लागतो. फार जास्त असेल तर प्लेट लाल होतात. हे तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. खोलीत अंधार करा, ॲम्प चालू करून पंधरा-वीस मिनिटं मागून पाहा. मधल्या फिलामेंटची नारिंगी धग नेहमीची आहे. काही ट्यूबच्या काचेवर आतून निळी छटा दिसते, तीही निरुपद्रवी आहे. पण बाहेरचा राखाडी पत्रा, म्हणजेच प्लेट, त्यावर लालसर डाग दिसला तर लगेच बंद करा आणि तो ॲम्प दुकानात पोचेपर्यंत परत लावू नका.

एक प्रसंग सांगतो, कारण तो अगदी याच प्रकारचा होता आणि चूक माझी होती. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ॲम्पचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून दिले. आठवड्याभरात तो लाल झालेल्या प्लेटसह परत आला. बायसचा कपॅसिटर मी उलटा बसवला होता. बाकी सगळ्या कपॅसिटरचं निगेटिव्ह टोक ग्राउंडला जातं. बायसचं व्होल्टेजच निगेटिव्ह, म्हणून तिथे पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला हवं. उलटा कपॅसिटर पहिल्या दिवशी बऱ्यापैकी काम करतो, मग गळायला लागतो, बायस ढासळतो आणि ट्यूब बेलगाम करंट ओढतात. ज्याचा तो ॲम्प होता त्याचा कार्यक्रम दोन दिवसांवर होता. मी रात्रीच ट्यूब आणि कपॅसिटर बदलून दिले, पण त्याचा ॲम्पवरचा विश्वास परत यायला बरेच महिने गेले. तेव्हापासून बायसचा कपॅसिटर लावला की ॲम्प तासभर टेबलावर चालू ठेवून बायसचं व्होल्टेज पुन्हा मोजल्याशिवाय मी तो देत नाही. तुमच्याकडे कपॅसिटर बदलले आहेत, म्हणून हा प्रश्न तुम्ही अवश्य विचारा: बायस ॲम्प गरम झाल्यावर परत मोजला होता का?

आता तडतड. ती वीस मिनिटांनी येते, म्हणजे उष्णतेशी बांधलेली आहे. ॲम्प दुकानात दहा मिनिटं चालवून पाहिला असेल तर तिथे ती ऐकूच आली नसणार. पॉवर ट्यूब आणि कपॅसिटर बदलणं वाईट काम नव्हे, जुन्या ॲम्पला कपॅसिटर लागतातच, पण तुमच्या तक्रारीचं ते उत्तर नव्हतं. अशा तडतडीची मला वारंवार सापडलेली कारणं तीन: प्रीॲम्प ट्यूबच्या प्लेटला व्होल्टेज देणारा १०० किलोओहमचा रेझिस्टर, विशेषतः जुन्या कार्बन कॉम्पोझिशन जातीचा, सैल झालेलं ट्यूबचं सॉकेट, आणि खुद्द एखादी ट्यूब. पहिल्याचा आवाज तळणीत मोहरी तडतडावी तसा असतो, तुम्ही वाजवत नसतानाही येतो.

यातलं तुम्ही घरी करू शकता ते असं. ॲम्प गरम होऊन तडतड सुरू झाली की व्हॉल्यूम शून्यावर न्या. तडतड बंद झाली तर ती व्हॉल्यूमच्या आधी आहे. मग व्हॉल्यूम थोडा वाढवून पेन्सिलच्या लाकडी टोकाने प्रत्येक छोट्या ट्यूबवर हलकी टिचकी मारा. पहिल्या ट्यूबमधून थोडी टकटक ऐकू येणं नैसर्गिक आहे, ती सगळ्यात जास्त वाढवली जाते. पण घंटेसारखी घुमली किंवा टिचकीसरशी तडतड उफाळली तर ट्यूब किंवा तिचं सॉकेट संशयित. ॲम्प बंद करून, ट्यूब थंड होऊ देऊन, चॅनेलच्या पहिल्या जागेवरची १२एएक्स७ दुसऱ्या जागेवरच्या १२एएक्स७शी बदलून पाहा. तडतड ट्यूबबरोबर सरकली तर ट्यूब खराब. जागेवरच राहिली तर सॉकेट किंवा रेझिस्टर. एवढं कळलं की नवा सेट विकत घेण्याची वेळ येत नाही. फार तर एक ट्यूब लागेल.

ज्या ॲम्पमध्ये हीटर समांतर जोडलेले असतात तिथे ट्यूब एकेक काढूनही शोध घेता येतो, पहिली काढली की आवाज थांबतो का, नाहीतर दुसरी, असा. पण काही ॲम्पमध्ये हीटर मालिकेत असतात आणि एक काढली की बाकीच्याही विझतात. तुमचा कुठल्या जातीचा आहे हे ठाऊक नसेल तर अदलाबदलीवर थांबा. काहीही झालं तरी ट्यूब काढताना ॲम्प बंद हवा. पॉवर ट्यूबना तुम्ही हात लावू नका.

साफ केलेले पॉट पुन्हा खरखरत असतील तर त्याचा अर्थ वेगळा आहे. पॉटवर डीसी व्होल्टेज येत असेल, म्हणजे आधीच्या ट्यूबचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळत असेल, तर कितीही स्प्रे मारला तरी नॉब फिरवताना खरखर येतेच. हे लक्षण असेल तर दुकानाला जरूर सांगा, कारण तोच कपॅसिटर पॉवर ट्यूबच्या आधी असता तर त्याने बायस बिघडवला असता.

चॅसी उघडू नका असं मी म्हणालो त्याचं कारण नुसतं तुमचं नवखेपण नाही. फिल्टर कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. बऱ्याच ॲम्पमध्ये स्टँडबायवर (ट्यूब तापलेल्या, पण त्यांचं उच्च व्होल्टेज तोडलेलं) ठेवून मेन बंद केला तर पहिल्या कपॅसिटरमधला चार्ज ओढायला कोणीच उरत नाही, आणि सगळ्याच ॲम्पना तो उतरवणारा रेझिस्टर बसवलेला नसतो. एका हाताने चॅसी धरून दुसऱ्या हाताचं बोट तिथे लागलं तर करंट छातीतून जातो. जे उघडतात ते उच्च व्होल्टेजला चालणाऱ्या रेझिस्टरमधून, इन्सुलेटेड क्लिप लावून प्रत्येक कपॅसिटर उतरवतात आणि मीटरवर व्होल्टेज जवळपास शून्य दिसल्याशिवाय हात घालत नाहीत. ही सवय शेजारी बसून, दुसऱ्याला करताना पाहून लागते. वाचून ती शिकू नये असं माझं ठाम मत आहे.

बाहेरून मात्र दोन सुरक्षिततेच्या गोष्टी तपासाच. फ्यूज: भिंतीतला प्लग काढून फ्यूज होल्डर उघडा आणि फ्यूजच्या टोपीवरचा आकडा मागे छापलेल्या आकड्याशी जुळवा. आकड्यामागे टी असेल तर तो स्लो-ब्लो, एफ असेल तर फास्ट. छापलेल्यापेक्षा मोठा फ्यूज सापडला तर तो तसाच ठेवून ॲम्प चालू करू नका. कोणीतरी बिघाड शोधण्याऐवजी तो झाकला आहे. अर्थिंग: प्लग बाहेर असतानाच त्याच्या अर्थच्या पिनेपासून चॅसीच्या एखाद्या उघड्या स्क्रूपर्यंत मीटरने मोजा, एक ओहमच्या आत यायला हवं. आकडा येत नसेल तर अर्थची वायर परत जोडायची राहिली आहे आणि तो ॲम्प वाजवण्याच्या लायकीचा नाही, आवाज कितीही छान असो.

एक शक्यता मनात धरून ठेवा. प्लग, केबल, ट्यूब सगळं जागेवर आलं, आवाज भरून आला, आणि तरीही ॲम्प 'पूर्वीसारखा' वाटला नाही, तर तो बिघडलेला असेलच असं नाही. थकलेले फिल्टर कपॅसिटर जोरात वाजवल्यावर सप्लायला खाली बसू देतात. स्वराची सुरुवात मऊ होते, खालचे स्वर सैल होतात, आणि वर्षानुवर्षं वाजवताना बोटांना त्याची सवय लागते. नवे कपॅसिटर आले की खालचे स्वर आवळले जातात, स्वर लगेच उठतो, आणि तो कडक वाटतो. काही तास वाजवा. बायसचा आकडा बरोबर असेल तर बहुतेकांना महिन्याभरात जुनं आठवतही नाही. प्रेझेन्सचा नॉब असेल आणि तो फिरवून काहीच फरक पडत नसेल तर मात्र ते सवयीचं प्रकरण नव्हे. आउटपुटवरून मागे येणारी निगेटिव्ह फीडबॅकची वायर जोडायची राहिली असू शकते.

परत नेताना 'तुम्ही माझा ॲम्प बिघडवला' असं म्हणत जाऊ नका. काम करणारा बचावात गेला की ऐकणं थांबतं. कागदावर लिहून न्या: स्पीकरचा प्लग आणि रिव्हर्बच्या केबल कशा सापडल्या आणि बदलल्यावर काय सुधारलं, हम व्हॉल्यूम शून्यावर राहतो का आणि कुठल्या सुराचा आहे, तडतड किती मिनिटांनी येते, व्हॉल्यूमने कमी होते का, ट्यूब बदलून सरकली का. मग तीन आकडे मागा: प्लेटवरचं व्होल्टेज, प्रत्येक पॉवर ट्यूबचा करंट, आणि गरम झाल्यावरचं बायसचं व्होल्टेज. ज्याने मोजलं आहे तो लगेच सांगेल. मोजलं नसेल तर तुमच्यासमोर मोजायला वेळ लागत नाही. काढलेले जुने भागही मागून घ्या. आणि ॲम्प किमान अर्धा तास चालू ठेवून, तडतड त्याच्या स्वतःच्या कानावर पडेपर्यंत तिथेच थांबायची तयारी ठेवा. ती एकदा ऐकू आली की ट्यूबच्या प्लेटचा रेझिस्टर शोधायला अनुभवी हाताला फार वेळ लागत नाही. आधी ॲम्प मागून पाहा आणि स्पीकरचा प्लग कुठल्या जॅकमध्ये निघाला ते मला कळवा. त्यावर पुढचं बोलू.